पाच मिलिसेकंदांत थांबणारी करवत

टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर आलेल्या यांत्रिक करवतीचं, दहा इंची पातं मिनिटाला साधारण 4 हजार फेरे मारतं. म्हणजे त्याच्या कडेवरचा प्रत्येक दात ताशी 190 किलोमीटर वेगाने पळत असतो. पात्याला 40 दात धरले, तर एका ठिकाणावरून सेकंदाला अडीच हजारांहून जास्त दात जातात. बोट पात्याला लागल्यावर ते मेंदूला कळायला आणि हात मागे यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्या वेळात पाचशेच्या वर दात बोटावरून गेलेले असतात. 'नीट लक्ष देऊन काम कर' हा सल्ला चांगलाच आहे, पण तो हात पात्याला लागेपर्यंतच कामाचा. त्यानंतर काही करायचं असेल तर ते यंत्रानेच करायला हवं.

अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने दुखापत होऊन दरवर्षी सुमारे 30 हजार लोक तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जातात, असा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. त्यातल्या सुमारे 4 हजारांचं बोट किंवा बोटाचा काही भाग तुटलेला असतो. यात घरी हौसेने सुतारकाम करणारे बरेच असतात आणि बांधकामाच्या जागी रोजंदारीवर राबणारेही असतात.

ओरेगॉन राज्यातले स्टीव्ह गॅस हे पेटंटचे वकील, पण शिक्षणाने भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट आणि फावल्या वेळात सुतारकाम करणारे. 1999 मध्ये त्यांनी आपल्या सॉकडे पाहून एक प्रश्न धरून ठेवला: पात्यापुढे लाकूड आहे की माणूस, हे पात्याला कळू शकेल का? उत्तर विजेत होतं. कोरडं लाकूड वीज जवळजवळ वाहूच देत नाही. माणसाचं शरीर मात्र क्षार विरघळलेल्या पाण्याने भरलेलं आहे. ते वीज वाहूनही नेतं आणि थोडा विद्युतभार साठवूनही घेतं.

गॅस यांनी पातं आणि त्याचा दांडा यंत्राच्या बाकीच्या धातूपासून विजेच्या दृष्टीने वेगळा केला आणि पात्यावर एक बारीकसा विद्युत संकेत सोडला. हात लागला की त्या संकेताचा काही भाग शरीरात ओढला जातो आणि संकेत एकदम खाली येतो. यंत्रातली चिप सतत त्या संकेतावर नजर ठेवून असते. तिला ही घसरण दिसली की पुढचं सगळं यंत्र आपोआप करतं. पात्याजवळ ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो आणि त्यामागे दाबून ठेवलेली ताकदवान स्प्रिंग. तिला एका बारीक तारेने अडवून धरलेलं असतं. चिप त्या तारेतून मोठा प्रवाह सोडते, तार जळून तुटते, स्प्रिंग सुटते आणि ठोकळा थेट फिरत्या दातांत घुसतो. दात मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पातं जाम होतं. फिरण्याचा जो जोर उरतो, त्याने पातंच टेबलाखाली खेचलं जातं आणि मोटर बंद पडते. हे सगळं सुमारे पाच मिलिसेकंदांत होतं. पाचशेच्या जागी मोजके दात बोटाला लागतात.

प्रयोगासाठी गॅस यांनी हॉटडॉग वापरला, म्हणजे मांसाचं सॉसेज, कारण विजेच्या बाबतीत ते बोटासारखंच वागतं. 2000 मध्ये त्यांनी स्वतःचं बोट चालत्या पात्याला लावून पाहिलं. बोट शाबूत राहिलं.

पातं थांबवणं दिसतं तितकं सोपं नाही. आठशे ग्रॅमचं पातं या वेगात असताना त्यात साडेपाचशे जूलच्या आसपास ऊर्जा असते. एक किलोचं वजन सोळा-सतरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली आदळावं, तेवढी. ही ऊर्जा पाच मिलिसेकंदांत कुठेतरी जिरवायची म्हणजे दांडा, बेअरिंग आणि सांगाडा या सगळ्यांना तो हिसका सोसावा लागतो. दुकानात एका जागी उभ्या असणाऱ्या, ओतीव लोखंडाच्या जड सॉला ते जमतं. म्हणून गॅस यांच्या सॉस्टॉप कंपनीने 2004 मध्ये पहिला सॉ विकला, तो जड वर्गातला होता. उचलून नेता येणाऱ्या सॉचा सांगाडा हलका आणि किंमत कमी. त्यात हा ब्रेक बसवायला सॉस्टॉपला 2015 उजाडलं. त्यानंतर सुमारे 31 किलोचा लहान सॉ आला आणि त्याची किंमत 899 डॉलर ठेवली गेली. ब्रेक नसलेला हलका सॉ यापेक्षा बराच स्वस्त मिळतो.

मला या सगळ्या कथेतली ही फट सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतःचं दुकान असलेल्या, ऐपतदार कारागिराला संरक्षण आधी मिळालं. जिन्यावरून सॉ वर नेऊन, जागा मिळेल तिथे मांडून, घाईत काम उरकणाऱ्या मजुराला ते दहा-अकरा वर्षांनी मिळालं, आणि तेही महाग.

बोस्टनच्या एका खटल्यात हाच मुद्दा होता. लाकडी फरशी बसवणाऱ्या एका कामगाराचा हात रायोबी कंपनीच्या स्वस्त, हलक्या सॉवर जखमी झाला. ब्रेकचं तंत्र ठाऊक असून ते बसवलं नाही, म्हणजे यंत्राची रचनाच सदोष, असं त्याचं म्हणणं. हलक्या सॉमध्ये ते परवडणारं नाही, असा कंपनीचा बचाव. 2010 मध्ये ज्युरीने कामगाराच्या बाजूने 15 लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

बॉश कंपनीने वेगळा रस्ता काढला. त्यांच्या रिॲक्स नावाच्या हलक्या सॉमध्ये पातं जाम होत नाही. हाताचा स्पर्श कळला की दाबलेल्या वायूच्या छोट्या स्फोटाने पातं टेबलाखाली ढकललं जातं आणि ते खराबही होत नाही. सॉस्टॉपने पेटंटभंगाची तक्रार केली आणि 2017 च्या जानेवारीत अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने या सॉच्या आयातीवर बंदी घातली. पेटंट हा संशोधकाचा हक्क आहे, ते मान्य. पण बोटं वाचवणारं एक चांगलं यंत्र त्यामुळे बाजारातून गेलं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

नियमाचंही असंच रखडलं. असं संरक्षण टेबल सॉमध्ये सक्तीचं करावं, असा अर्ज गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्येच ग्राहक सुरक्षा आयोगाकडे केला होता. 2017 मध्ये आयोगाने मसुदा मांडला: बोटाच्या जागी ठेवलेली चाचणीची वस्तू सेकंदाला एक मीटर वेगाने पात्याकडे आली, तरी काप साडेतीन मिलिमीटरहून खोल जाता कामा नये. ते कोणत्या तंत्राने साधायचं, ते उत्पादकाने ठरवावं. 2023 मध्ये मसुदा सुधारून पुन्हा आला. नियम झाला तर आपलं एक कळीचं पेटंट सर्वांसाठी खुलं करू, असं सॉस्टॉपने 2024 मध्ये जाहीर केलं. नियम काही झाला नाही.

ब्रेकच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो एकदा सुटला की ठोकळा आणि स्प्रिंग असलेला त्याचा डबा बदलावा लागतो, आणि डब्याची किंमत शंभर डॉलरच्या आतबाहेर. पातंही बहुतेक वेळा वाया जातं. ओलं लाकूड किंवा ॲल्युमिनियमची पट्टी पात्याला लागली तरी तो सुटू शकतो. त्यासाठी ब्रेक तात्पुरता बंद ठेवायची सोय दिलेली असते, आणि तो बंद केला की सॉ इतर कुठल्याही सॉसारखाच धोक्याचा. शिवाय पात्याच्या मागच्या बाजूचे दात खालून वर येत असतात. त्यांनी फळी पकडली की ती कारागिराच्या अंगावर भिरकावली जाते. ब्रेकचा त्यावर काही उपाय नाही. तिथे पात्यामागे उभी असलेली पातळ पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, कामी येते. चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला आवळू नये, एवढंच तिचं काम, पण ते फार मोलाचं आहे.

आपल्याकडे घराचं फर्निचर करताना अनेकदा टेबल सॉ नसतोच. मार्बल कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावतात, तो प्लायच्या तुकड्याखाली उलटा ठोकतात आणि फटीतून पातं वर काढतात. पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, तर आधीच काढून टाकलेला असतो आणि बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवतात. हा कटर बिनभाराने मिनिटाला 12-13 हजार फेरे मारतो. म्हणजे दातांचा वेग ताशी 250 किलोमीटरपर्यंत जातो, अमेरिकेतल्या त्या टेबल सॉपेक्षाही जास्त. यात ब्रेक नाही, रायव्हिंग नाइफ नाही आणि चटकन हाती लागेल असं बंद करायचं बटणही नाही.

घराचं काम देताना आपण प्लायचा दर्जा आणि सनमायकाचा रंग बारकाईने पाहतो. त्याच वेळी ठेकेदाराला विचारा की फळ्या कशावर कापणार. गार्ड, रायव्हिंग नाइफ आणि हाताशी बटण असलेल्या साध्या टेबल सॉचं भाडं अंदाजपत्रकात वेगळं लिहायला सांगा आणि ते द्या. अरुंद पट्टी हाताने न ढकलता काठीने पुढे सरकवायची आणि पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, एवढ्या दोन गोष्टी कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आणि प्लायला उलटा ठोकलेला कटर दिसला, तर काम तिथेच थांबवा.