चालणाऱ्या पेशी

पेशी चालतात म्हटले की वर्गातली मुले हसतात. पण बोटात काटा रुतला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून तिथवर सरपटत जातात. त्यांना पाय नसतात, अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. तसबीहच्या मण्यांसारखे अ‍ॅक्टिनचे कण जुळतात, पेशीची पुढची कड ढकलतात, मागे सुटतात आणि पुन्हा पुढे कामी येतात.

मणी ओवायला मात्र हात लागतो. धाग्याला फांद्या फोडणारी, जुडी बांधणारी, जुना धागा तोडणारी अशी अनेक प्रथिने अ‍ॅक्टिनला धरून असतात. त्यांतले एखादे बिघडले तर? १९३७ मध्ये जर्मनीत डॉ. विस्कॉट यांनी तीन भावांची हकीकत नोंदवली. रक्तस्राव, इसब, वारंवार कान फुटणे, तिघेही दगावले. बहिणी ठणठणीत. १९५४ मध्ये अमेरिकेत डॉ. ऑल्ड्रिच यांनी दाखवले की दोष आईकडून मुलग्यांत उतरतो. १९९४ मध्ये जनुक सापडले. फांद्या फोडण्याचा इशारा देणारे प्रथिनच या मुलांत नीट बनत नाही. पांढऱ्या पेशी असूनही नीट लढू शकत नाहीत. अशा घरात बोल सुनेला लागतो. ना तिचा गुन्हा, ना कुणाची नजर! जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा मिळाला तर असे मूल बरे होऊ शकते, म्हणून तावीज बांधलात तरी रक्ताची तपासणी टाळू नका.

हीच यंत्रणा कॅन्सरच्या हाती लागते. जुडी बांधणारे एल-प्लास्टिन एरवी पांढऱ्या पेशींत असते, पण कितीतरी कॅन्सरच्या पेशी ते बनवू लागतात. फॅसिन हे दुसरे प्रथिनही तसेच. त्याच्या जोरावर पेशी बोटांसारखी टोके काढून शेजारच्या मांसात घुसतात. कॅन्सरचे बहुतेक बळी मूळ गाठीने नव्हे, या पसरण्याने जातात. मग अ‍ॅक्टिनच बंद पाडावे? हृदयाचा ठोकाही त्यावरच चालतो. म्हणून संशोधक फॅसिनसारख्या, निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरात फारसे न लागणाऱ्या साथीदाराला रोखू पाहतात.

आज तरी खरा उपाय पेशी चालू लागण्याआधी गाठण्याचा. गालाच्या आतला चट्टा तीन आठवडे बरा होत नाही, पण दुखत नाही म्हणून मिश्री लावणारी नानी तो कुणाला दाखवत नाही. मानेत गाठ हाताला लागते, तोवर त्या पेशी बहुधा तिथे पोचलेल्या असतात.