विमान प्रवासाचे नियम ठरवणाऱ्या आयकाओत भारताचा प्रतिनिधी कसा निवडला जातो?

पेण, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखाताशी नातं नसलेलं मोहल्ल्यातलं घर विरळाच. कुणी दुबईत, कुणी कुवेतमध्ये, कुणी उमऱ्याच्या तयारीत. आता तर नवी मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. पेणच्या रामवाडीहून महामार्गाला लागलं की पनवेल फार लांब नाही. पण पासपोर्ट कसा असावा, बॅग हरवली तर भरपाई किती, अपघात झाला तर चौकशी कुणी करायची, या गोष्टींचे मूळ नियम दिल्लीत किंवा दुबईत ठरत नाहीत. ते कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ठरतात.

ही संस्था कोणती?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो इथे झालेल्या करारातून ती जन्माला आली. त्या परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात सर गुरुनाथ बेवूर होते. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे त्यांचेच चिरंजीव. आज १९३ देश आयकाओचे सदस्य आहेत, आणि रोजचा कारभार ३६ देशांची कौन्सिल पाहते.

आधी देश निवडून येतो

दर तीन वर्षांनी सर्व देशांची महासभा भरते आणि गुप्त मतदानाने कौन्सिल निवडते. लहान देश असो की मोठा, मत एकच. जागांचे तीन गट आहेत. पहिल्या गटात हवाई वाहतुकीत सर्वात महत्त्वाचे ११ देश असतात. दुसऱ्यात विमानांच्या मार्गदर्शनाच्या सोयींना मोठा हातभार लावणारे १२, तर तिसऱ्यात जगाचा प्रत्येक भाग यावा म्हणून १३. भारत दुसऱ्या गटातून उभा राहतो. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत तो पुन्हा निवडून आला, मुदत २०२८ पर्यंत. ही जागा कुणाला आंदण दिलेली नसते. २०२२ आणि २०२५ अशा दोन्ही वेळा रशियाला पुरेशी मतं मिळाली नाहीत.

मग माणूस कोण ठरवतं?

महासभा देश निवडते, माणूस नाही. त्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हे सरकार ठरवतं. आपल्याकडे हे पद नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. केंद्रीय सेवांमधल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं नाव पुढे जातं आणि पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती शिक्कामोर्तब करते. नेमणूक साधारण तीन वर्षांची असते. मंत्रालयात सहसचिव राहिलेल्या महसूल सेवेतल्या शेफाली जुनेजा अशाच मॉन्ट्रियलला गेल्या. २०२२ मध्ये त्या आयकाओच्या हवाई वाहतूक समितीच्या अध्यक्ष झाल्या.

एक अट मात्र शिकागो करारातच लिहिलेली आहे. कौन्सिलवरचा प्रतिनिधी कुठल्याही आंतरराष्ट्रीय विमानसेवेच्या कारभारात सक्रिय नसावा, आणि अशा सेवेत त्याचे आर्थिक हितसंबंध नसावेत. कारण साधं आहे. जो नियम करणार, त्याचा खिसा कंपनीशी बांधलेला नको.

आपल्याला काय फरक पडतो?

पहिलं उदाहरण पासपोर्टचं. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर हाताने लिहिलेले पासपोर्ट बाद झाले. ही तारीख आयकाओने ठरवलेली होती. वीस वर्षांच्या मुदतीचा जुना पासपोर्ट जवळ होता, पण व्हिसा मिळेना, अशी वेळ अनेकांवर आली आणि पासपोर्ट बदलून घ्यावे लागले.

दुसरं भरपाईचं. १९९९ चा मॉन्ट्रियल करार आयकाओच्या छत्राखाली झाला, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. आखातातले मुख्य देशही त्यात आहेत. महागाई पाहून भरपाईच्या मर्यादा दर पाच वर्षांनी तपासल्या जातात. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी प्रत्येक प्रवाशामागे कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. रुपयांत ही मर्यादा पावणेदोन लाखांच्या आसपास किंवा थोडी वर जाते. पण एवढी रक्कम आपोआप हातात पडत नाही, नुकसान दाखवावं लागतं.

तिसरं सर्वात जड. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरला कोसळलं, १५८ जण गेले. आखातातून घरी येणारी माणसं होती ती. याच करारातल्या भरपाईचा अर्थ काय लावायचा, यावर त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षे कोर्टात झगडावं लागलं. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला, तोही आयकाओच्याच ३० दिवसांच्या नियमामुळे.

म्हणून या पदाकडे अधिकाऱ्याला मिळालेली परदेशातली चांगली पोस्टिंग एवढ्याच नजरेने पाहू नये. जाणाऱ्याला विमान वाहतुकीची जाण हवी, कायदा कळायला हवा, आणि आखातात कमवायला जाणाऱ्या माणसाची अडचण माहीत हवी. हे जनतेनेही विचारावं. खासदारामार्फत लोकसभेत प्रश्न मांडता येतो. माहिती अधिकारात मंत्रालयाला अर्ज करता येतो. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ तर पुण्याचेच, निवेदन मराठीत दिलं तरी चालेल.

आणि प्रवासात हे लक्षात ठेवा. बॅग आली नाही किंवा फुटली तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्याची २१ दिवसांत करावी लागते. दावा दाखल करायला दोन वर्षांची मुदत आहे. बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग तोवर फेकू नका.