पडणाऱ्याला मत का द्यावे?

निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते, 'पडणाऱ्याला मत देऊन ते वाया कशाला घालवायचे?' विद्यमान सभासदाला आव्हान देणाऱ्या उमेदवाराचे यश केवळ जिंकण्याहरण्यात मोजावयाचे, हे या वाक्यातील गृहीत होय. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ते तपासून पाहावे असे मला वाटले. त्यासाठी अमेरिकेतील टेक्सास राज्याची २०१८ सालची सिनेटची निवडणूक मी निवडली आहे.

सिनेट हे अमेरिकन काँग्रेसचे वरिष्ठ सभागृह. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे दोन सभासद आणि मुदत सहा वर्षांची. आपल्या राज्यसभेचे बहुतेक सभासद आमदार निवडून देतात. अमेरिकेतही पूर्वी राज्यांची विधिमंडळेच सिनेटर निवडीत. १९१३ साली सतराव्या घटनादुरुस्तीने हा अधिकार थेट मतदारांकडे आला आणि संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ झाला. टेक्सासचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे सव्वादोन पट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नवख्या उमेदवारापुढील अडचण कळते.

विद्यमान सभासदाचे नाव घरोघरी माहीत असते. देणगीदार, कार्यकर्ते, कार्यालय हे सारे त्याच्यापाशी तयार असते. २०२२ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या सिनेटरांपैकी एकही पराभूत झाला नाही, यावरून या आघाडीची कल्पना यावी. त्यातून टेक्सासमध्ये १९९४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाने राज्यव्यापी निवडणूक जिंकलेलीच नव्हती. रिपब्लिकन पक्षाचे टेड क्रूझ २०१२ साली तेथून सुमारे सोळा टक्के मतांच्या फरकाने निवडून आले होते.

अशा स्थितीत एल पासोचे प्रतिनिधी बेटो ओरूर्क यांनी त्यांना आव्हान दिले. राज्यातील सर्वच्या सर्व २५४ काउंट्यांना त्यांनी भेटी दिल्या. राजकीय कृती समित्यांचा पैसा न घेता त्यांनी सुमारे ८ कोटी डॉलर जमविले. अध्यक्ष ट्रम्प यांच्या कारकिर्दीतील ही मध्यावधी निवडणूक होती, आणि अशा निवडणुकीत वारा सामान्यतः अध्यक्षांच्या पक्षाविरुद्ध वाहतो. तोही त्यांच्या पथ्यावर पडला.

तरीही ओरूर्क हरले. क्रूझ यांना ५०.९ टक्के, तर ओरूर्क यांना ४८.३ टक्के मते पडली. फरक सुमारे २ लाख १५ हजार मतांचा. त्याच दिवशी गव्हर्नरपदावर मात्र रिपब्लिकन ग्रेग ॲबट सुमारे तेरा टक्क्यांच्या फरकाने विजयी झाले. म्हणजे एका पदासाठी रिपब्लिकन आणि दुसऱ्यासाठी डेमोक्रॅट अशी निवड करणारे मतदारही पुष्कळ होते. पण राज्याचा मूळ कल पुरता बदलण्याइतके ते नव्हते.

पैसा आणि कल ही दोन्ही अनुकूल असली तरी यश निश्चित नसते. मेन राज्यात २०२० साली अध्यक्षपदासाठी बायडेन सुमारे नऊ टक्क्यांनी जिंकले. परंतु १९९६ पासून निवडून येणाऱ्या रिपब्लिकन सूझन कॉलिन्स यांनी सारा गिडियन यांचा जवळपास तेवढ्याच फरकाने पराभव केला. तेथे व्यक्तीची पुण्याई कामास आली. उलट जॉर्जियात त्याच वर्षी डेव्हिड पर्ड्यू यांना ४९.७ टक्के मते मिळाली. तेथील कायद्यानुसार निम्म्याहून अधिक मते आवश्यक असल्याने जानेवारी २०२१ मध्ये फेरनिवडणूक झाली आणि जॉन ऑसॉफ निवडून आले. नियम वेगळा असता तर पर्ड्यू पहिल्याच फेरीत विजयी ठरले असते.

आता ओरूर्क यांची मते वाया गेली काय? टेक्सासमध्ये २०१४ च्या सिनेट निवडणुकीत सुमारे ४६ लाख मते पडली होती. २०१८ मध्ये ती ८३ लाखांवर गेली. ओरूर्क यांच्यासाठी मतदानकेंद्रावर आलेल्यांनी इतर पदांसाठीही मते दिली. राज्याच्या कनिष्ठ सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षाच्या १२ जागा वाढल्या, तसेच काँग्रेसच्या दोन जागा त्याने विद्यमान रिपब्लिकन प्रतिनिधींकडून हिसकावून घेतल्या. या दोघा विजेत्यांपैकी कॉलिन ऑलरेड यांनी पुढे २०२४ साली क्रूझ यांनाच आव्हान दिले. ते सुमारे साडेआठ टक्क्यांनी पराभूत झाले. यावरून एका लढतीत कमावलेले बळ दुसऱ्या लढतीत आपोआप हाती येत नाही, हेही दिसते.

माझ्या मते, आव्हान देणाऱ्याचे भवितव्य राज्याचा कल, देशातील वारा, पैसा, विद्यमान सभासदाची प्रतिमा आणि मतमोजणीचे नियम या पाच गोष्टींवर ठरते. यांतील फारच थोड्या त्याच्या हाती असतात. पण जागा निर्धास्तपणे कोणाला भोगू द्यायची की नाही, हे मात्र मतदाराच्या हाती असते. सोळा टक्क्यांची आघाडी अडीच टक्क्यांवर आली की निवडून आलेल्यालाही गावोगाव फिरावे लागते, जाब द्यावा लागतो. आपल्यापैकी अनेकजण लवकरच पहिले मत देतील. 'कोण येणार?' असा अंदाज बांधून मत देणे म्हणजे इतरांच्या मताला आपला अंगठा लावणे होय. पडणाऱ्याला दिलेले मत मोजले जाते, आणि जिंकणाराही ते मोजीत असतो.