ताब्यातलं शहर : परवानगीची लग्नं

रेशन कूपनांवरचा भाग या आठवड्यात येणार होता, तो लांबवतो. एका वाचकांनी विचारलं आहे, ‘‘शत्रूची फौज रस्त्यात उभी असताना ॲम्स्टरडॅममधले लोक लग्नं तरी कशी लावत होते?’’ हा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे, तेव्हा कूपनं थांबतील.

लग्नं लागत होती ती नेहमीसारखीच, पालिकेत जाऊन. मे १९४० मध्ये जर्मनीपुढे डच फौजेने शस्त्रं खाली ठेवली, राणी आणि मंत्रिमंडळ लंडनला गेलं, पण पालिकेतले कारकून जागेवरच राहिले. जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी सुरूच होत्या. परक्या राजवटीला नव्याने फारसं काही उभारावं लागलं नाही. घराघरात कोण राहतं, कोणाचा धर्म काय, हे सगळं दप्तरात तयार होतं.

मीप गीसचंच पाहा. डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या ज्यू कुटुंबाला पुढे लपवणाऱ्यांपैकी ही एक. जन्म १९०९चा, व्हिएन्नाचा. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीमुळे मुलांना हॉलंडला पाठवत, त्यांतच ती आली आणि तिथलीच झाली. कागदोपत्री मात्र ती ऑस्ट्रियनच राहिली, आणि १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर जर्मन ठरली. नाझी बायकांच्या संघटनेत यायला तिने नकार दिला, तसा तिचा पासपोर्ट बाद झाला. तीन महिन्यांत व्हिएन्नाला परत जा, नाहीतर डच माणसाशी लग्न करा! यान गीसवर तिचं प्रेम होतंच, पण घर मिळत नव्हतं, पैसा नव्हता, म्हणून लग्न रेंगाळलं होतं. आपल्याकडे मुहूर्त भटजी काढतात, मीपचा जर्मन वकिलातीने काढला.

त्यातही जन्मदाखला हवा, आणि तो व्हिएन्नात. एका नातेवाइकाच्या खटपटीने तो आला. १६ जुलै १९४१ला पालिकेत अधिकाऱ्याने पासपोर्ट मागितला, तेव्हा वऱ्हाडाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हरकत घेतली नाही. सही झाली आणि मीप डच झाली. वऱ्हाडात तिचे साहेब ओटो फ्रँक होते आणि बारा वर्षांची ॲन होती. बापलेकीचा त्या दिवशीचा फोटो आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ओटोंनी मेजवानी दिली. साहेब म्हणायचं ते सवयीने. ज्यूंच्या हाती धंदा राहू नये असे हुकूम निघाल्यामुळे दोनच महिन्यांपूर्वी पाटीवर ‘गीस आणि कंपनी’ आलं होतं, म्हणजे नवरदेवाचंच नाव. मालक आपल्याच कचेरीत पाहुणा, आणि खर्च त्याचाच.

मीपच्या लग्नानंतर सहा दिवसांनी, २२ जुलैला, फ्रँक राहत त्या मेरवेडेप्लेन चौकात शेजारच्या मुलीचं लग्न होतं. कोणीतरी वधूवर बाहेर पडताना चित्रफीत घेतली. त्यात काही क्षण वरच्या खिडकीतून वाकून बघणारी ॲन दिसते. तिचं हलतंबोलतं म्हणावं असं एवढंच चित्रण उरलंय, तेही मूकच. ती फीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे, आणि दर वेळी नजर वधूपेक्षा खिडकीकडे जाते, याचं मला त्या वधूपुढे थोडं अपराधी वाटतं. दिवस तिचा होता.

पण ज्यांना परवानगीच नव्हती त्यांचं काय? दंतवैद्य फ्रिट्झ फेफर ज्यू, शार्लोट कालेट्टा कॅथलिक. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीत त्यांचं लग्न अशक्य केलं. १९३८च्या अखेरीस दोघं हॉलंडला आली, आणि तिथे जर्मन फौज यायच्या आधीच अडकली, कारण जुन्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे डच सरकार परदेशी नागरिकांच्या विवाहाला त्यांच्या देशाचा कायदा लावी. नोव्हेंबर १९४२ मध्ये फेफर ॲनच्या लपण्याच्या जागी राहायला आले. शार्लोट त्याच शहरात होती, पत्ता तिला सांगितला नव्हता. पत्रं नेणारीआणणारी होती मीप.

पुढे फेफर पकडले गेले आणि डिसेंबर १९४४ मध्ये नॉयेनगामेच्या छावणीत वारले. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी त्यांचं लग्न मागच्या तारखेने मान्य झालं आणि शार्लोट कायद्याने श्रीमती फेफर झाली. पुढे ॲनच्या डायरीवरून आलेल्या नाटकात फेफरना ज्यू रीतिरिवाज ठाऊक नसलेला माणूस दाखवला, तेव्हा याच बाईने नाटककारांना खडसावलं. बायको म्हणून तिला तो हक्क आता होता. त्या भांडणाची हकिगत चवदार आहे, पण ती कूपनांनंतर.