गांडुळं गेली कुणामुळे?

सायखेडा-चांदोरीच्या गोदाकाठी मातीचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानावर येतं : ‘जीएम बियाणी आली आणि जमिनीतली गांडुळं संपली.’ या वाक्यामागची काळजी मनापासूनची आहे. मातीतले जीव कमी होणं म्हणजे जमिनीची भूक आणि तहान भागवणारी यंत्रणाच मोडणं. पण आरोप भलत्यावर झाला, तर खरं कारण आपल्याच शिवारात बिनबोभाट चालू राहतं.

सायखेड्याच्या शिवारात द्राक्ष, कांदा, टोमॅटो, सोयाबीन, ऊस पिकतो. यातलं एकही पीक आपल्याकडे जनुकीय बदल केलेलं नाही. संकरित टोमॅटोला पुष्कळजण जीएम समजतात. तो दोन वाणांच्या परागीकरणातून तयार होतो, बाहेरचं जनुक त्यात घातलेलं नसतं. सोयाबीनबाबतचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण २०२१ मध्ये केंद्राने जीएम सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली होती. ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी होती. पेरणीला परवानगी नव्हती. शेतकऱ्याच्या शेतात अधिकृतपणे रुजलेलं जीएम पीक एकच, मार्च २००२ मध्ये मंजूर झालेला बीटी कापूस. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. जीएम मोहरीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न खऱ्या अर्थाने येवला, मालेगाव, नांदगावच्या कपाशीवाल्यांचा आहे.

मग त्या कपाशीखालच्या मातीचं काय? ‘बीटीचं विष अळी मारतं, म्हणजे गांडूळही मारणार’ हा तर्क सरळ वाटतो, पण तो टिकत नाही. बीटी हा मुळात मातीतलाच जिवाणू. त्याचं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात, तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं आणि आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटून त्या पेशींना भोकं पाडतं. कुलूप तेच असेल तरच ही किल्ली फिरते. गांडुळाच्या आतड्यात ना तसा रस, ना ते ग्राहक.

तरीही शास्त्रज्ञ एवढ्यावर थांबले नाहीत, आणि ते योग्यच झालं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सक्सेना आणि स्टॉट्स्की यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की बीटी मक्याच्या मुळांतून हे प्रथिन मातीत झिरपतं. जगभर खळबळ उडाली. त्याच दोघांनी २००१ मध्ये त्या मातीतली गांडुळं, सूत्रकृमी, एकपेशीय प्राणी, जिवाणू, बुरशी तपासली. ठळक दुष्परिणाम आढळला नाही. पहिली बातमी गावोगाव पोचली, दुसरी मात्र पोचली नाही.

उलट बाजूचा एक पुरावाही सांगितलाच पाहिजे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झ्वालेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात बीटी मक्याचा पालापाचोळा खाणारी गांडुळं मेली नाहीत, पण २०० दिवसांनी त्यांचं वजन १८ टक्क्यांनी घटलं होतं. साधा मका खाणाऱ्यांचं ४ टक्क्यांनी वाढलं होतं. हा फरक प्रथिनामुळे की पाल्याच्या बदललेल्या प्रतीमुळे, हे त्यातून ठरलं नाही. म्हणून ‘काहीच होत नाही’ असं छातीठोकपणे म्हणणं मला पटत नाही. ‘मरतात’ असं म्हणणं मात्र चूक आहे.

काळ्या जमिनीचा मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा. हे प्रथिन चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि चिकटल्यावर जिवाणूंना ते सहजी खाता येत नाही. प्रयोगशाळेत त्याची कीटकमारक शक्ती २३४ दिवसांनंतरही टिकलेली दिसली आहे. आपली काळी माती चिकणच. पण तिचा सामू जास्त असतो, आणि अशा मातीत जिवाणूंचं काम जोमात असेल तर विघटनाला वेग येतो. अमेरिकेत सलग काही वर्षं बीटी कापूस घेतलेल्या शेतांच्या मातीत २००२ च्या एका अभ्यासाला हे प्रथिन सापडलं नाही. तो अभ्यास मोन्सँटोच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाला होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. इकडे विदर्भातल्या कपाशीबद्दल २००९ मध्ये ‘नवधान्य’ संस्थेने जमिनीतले जिवाणू आणि विकरं घटल्याचा दावा केला आणि दहा वर्षांत माती मरेल असा इशारा दिला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना पुढे बीटी कपाशीखालच्या मातीची जैविक स्थिती खालावलेली आढळली नाही. ती दहा वर्षं केव्हाच उलटली. विदर्भात आजही त्याच मातीत कपाशी उभी आहे.

इथे दुसऱ्या टोकाचा गैरसमज सुरू होतो : बीटी आलं, फवारणी गेली, माती वाचली. पहिली काही वर्षं बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर घटल्या. पण बीटी कपाशीचं रंगीत बी हाती घेतलं की त्यावर बहुधा इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाचा लेप असतो, आणि हे रसायन गांडुळांना घातक असल्याचं प्रयोगांतून पक्कं झालं आहे. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, फवारे परत आले, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. जनुक निर्दोष ठरलं तरी त्याच्यासोबत येणारी औषधं निर्दोष ठरत नाहीत. तणनाशक सहन करणाऱ्या बेकायदा कपाशीलाही हेच लागू : तिथे जनुकापेक्षा ग्लायफोसेटचा हिशेब मांडायला हवा.

आता सायखेड्याकडे. जीएमचं एक रोपही नसलेल्या द्राक्षबागेत गांडुळं दिसत नसतील, तर मी आधी बोर्डोकडे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाकडे, बघेन. केवडा रोगावर बोर्डो खात्रीचं, हे खरं. पण त्यातलं तांबं कुजत नाही, उडून जात नाही. वरच्या थरात, गांडुळं जिथे चरतात नेमकं तिथेच साचतं. हिशेब करून पाहा. एक टक्का बोर्डो, एकरी ४०० लिटर, म्हणजे हेक्टरी १,००० लिटर : त्यात १० किलो मोरचूद, आणि मोरचुदाचा चौथा हिस्सा तांबं, म्हणजे अडीच किलो. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, वर्षाला सरासरी ४ किलो. दोनच फवारण्यांत आपण ही वर्षाची सरासरी ओलांडतो. चुनखडीच्या काळ्या मातीत तांबं घट्ट बांधलं जातं, म्हणून आम्ल मातीइतका त्याचा जाच होत नाही. साठा मात्र वाढतच राहतो. त्यात ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी दबलेली माती आणि सेंद्रिय खताची टंचाई यांची भर पडते.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस सरताना, जमिनीत वाफसा असताना, सकाळच्या वेळी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, माती गोणपाटावर पसरून गांडुळं मोजावीत. तीन-चार खड्डे बागेतल्या बोदावर, तेवढेच कधी फवारा न लागलेल्या बांधावर. मे महिन्यात मोजू नये. तेव्हा ती खोल जाऊन पडून राहतात आणि रिकामा खड्डा फसवतो. निर्यातदार बागायतदारांकडे फवारणीची वही असतेच. हा आकडा तारखेसह त्याच वहीत लिहावा, आणि शेजारच्या रकान्यात त्या हंगामात किती मोरचूद गेलं तेही.