पूर्णेच्या उलट वाटेने

बसा रे पोरांनो, इथे पायरीवरच बसा. समोर चांगदेवचा संगम आहे. ही तापी, मुलताईहून आलेली. आणि ती पूर्णा, अमरावती-अकोल्याची रानं भिजवून आलेली.

गोदावरी नाशिककडे जन्मते, समुद्र पश्चिमेला जवळ असूनही पूर्वेला निघून जाते. मग तापी पश्चिमेला का पळते? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. फार फार वर्षांपूर्वी यांच्या मधली जमीन खाली खचली आणि लांबलचक पन्हळ तयार झाली. पाण्याला आयती वाट मिळाली. त्याच वाटेने ७२४ किलोमीटर चालून तापी सुरतेजवळ समुद्राला भेटते.

आता हे ढेकूळ हातात घे, नानी. आपली काळी. उन्हाळ्यात हिला अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात जातो. हिच्यातले कण पापडांच्या चळतीसारखे असतात, डोळ्यांना न दिसणारे. पाऊस पडला की पाणी पापडापापडांमध्ये शिरतं आणि जमीन फुगते. ऊन पडलं की आकसते, फाटते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला उलथते! अशी जमीन कपाशीला मानवते.

या मातीची एक लेक सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावची, जन्म १९ डिसेंबर १९३४. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकली, टेबल टेनिसमध्ये नाव काढलं, मुंबईला जाऊन वकील झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि या नव्या राज्याच्या पहिल्याच निवडणुकीत, १९६२ साली, जळगावने तिला विधानसभेत पाठवलं. वय अवघं २७! त्या काळात आपल्याकडे बाईने ओट्यावरून चार माणसांत बोलणंही अवघड होतं रे. मला तर तिच्या पुढच्या मोठ्या पदांपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

१९६५ साली लग्न झालं, सासर अमरावतीचं. बघा, पूर्णा अमरावतीकडून इकडे येते, आणि ही पूर्णेच्या उलट वाटेने तिकडे गेली. पण माहेरचा धागा सुटला नाही. १९६७ पासून १९८५ पर्यंत ती एदलाबादची, म्हणजे आपल्या आजच्या मुक्ताईनगरची आमदार होती. हा मुलूख टोकाचा. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला विदर्भातला बुलढाणा. असल्या काठावरच्या गावांचं म्हणणं मुंबईपर्यंत पोचायला कुणीतरी तिथे उभं राहावं लागतं. चार निवडणुका इथल्या लोकांनी तिलाच उभं केलं. याच काळात ती आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण अशी खाती सांभाळणारी मंत्री झाली, आणि १९७९ मध्ये विधानसभेतली विरोधी पक्षनेताही.

पुढे १९९१ ला ती लोकसभेत गेली ती अमरावतीहून. म्हणजे एकाच पाण्याच्या दोन्ही टोकांनी तिला आपलं म्हटलं.

नाव ओळखलंत ना? प्रतिभाताई पाटील. २५ जुलै २००७ ला त्यांनी शपथ घेतली. भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.