रक्ताचा ओघ अडतो तेव्हां

लोणावळ्याजवळ वलवण येथें अडविलेलें पाणी घाट उतरून खोपोलीस जातें. तेथील टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. सुमारें ५०० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर त्याचीं चक्रें फिरतात. पाणी बंद केलें म्हणजे चक्रें थांबतात; परंतु बिघडत नाहींत. पाणी सोडतांच तीं पूर्ववत् फिरूं लागतात. हृदयाच्या स्नायूची गोष्ट आरंभीं अशीच असते. पण ती थोडाच वेळ. रक्ताचा ओघ बराच काळ अडून राहिला, कीं यंत्र नुसतें थांबत नाहीं, त्याचे भागच निकामी होऊं लागतात. हे भाग म्हणजे पेशींतील प्रथिनें होत.

हृदयाच्या स्नायुपेशींत अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू शेजारीं शेजारीं रचलेले असतात. ते एकमेकांवरून सरकले म्हणजे पेशी आकुंचन पावते. त्यांनीं केव्हां सरकावें, हें ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन ठरवितें. त्याला कॅल्शियम येऊन मिळालें, कीं आकुंचनाची वाट मोकळी होते. या कामाची शक्ति एटीपी या द्रव्यापासून मिळते. त्याचा सांठा फारच थोडा असतो. म्हणून तें क्षणोक्षणीं नवें बनवावें लागतें, आणि त्यासाठीं रक्तांतून प्राणवायु यावा लागतो.

रक्तवाहिनींत गुठळी होऊन रक्त अडलें, तर पहिल्या मिनिटाच्या आंतच त्या भागाचें आकुंचन मंदावतें. प्राणवायूवांचून पेशी साखर अर्धवट जाळते, आम्ल सांचतें आणि तंतूंची कॅल्शियमला साद देण्याची शक्ति उणावते. पुढें एटीपी सरत आलें, कीं पेशीच्या आवरणांतील क्षारांचा तोल राखणारीं प्रथिनें थकतात व आंत कॅल्शियम सांचतें. हें कॅल्शियम कॅल्पेन नांवाच्या प्रथिनास जागें करतें. इतर प्रथिनें तोडणें हेंच त्याचें काम. रक्त परत येऊन आम्लता ओसरली म्हणजे त्याला विशेष जोर चढतो. अर्थात् रक्त परत येणें अवश्यच असलें, तरी तेंही अगदीं निरुपद्रवी नसतें.

प्राण्यांवरील प्रयोगांत असें आढळलें आहे, कीं सुमारें २० मिनिटांच्या आंत रक्त परत आलें तर बहुतेक पेशी वांचतात. मात्र त्या कित्येक तास, कधीं कित्येक दिवस, सुस्त राहतात. १९८२ सालीं ब्राउनवाल्ड व क्लोनर यांनीं या अवस्थेकडे वैद्यकाचें लक्ष वेधलें. त्याहून अधिक उशीर झाला, तर पेशी मरूं लागतात आणि हा नाश हृदयाच्या आंतल्या थराकडून बाहेर पसरत जातो. मेलेल्या पेशींचीं आवरणें फाटून ट्रोपोनिन रक्तांत उतरतें. डॉक्टर रक्त तपासून शोधतात तें हेंच.

परंतु तें रक्तांत पुरेसें दिसूं लागण्यास कांहीं वेळ जातो. म्हणून पहिली तपासणी निर्दोष आली, एवढ्यावरून निर्धास्त होतां येत नाहीं. हृदयाचा विद्युत्-आलेख व पुन्हां केलेली रक्ततपासणी यांचीही जोड लागते. छातींत दाब, घाम, हातांत वा जबड्यांत कळ, किंवा मधुमेही माणसास नुसतीच धाप लागली, तर पित्त समजून ओवा-सोडा देत घरीं बसूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. वलवणचें पाणी उद्यांही सोडतां येईल. हृदयाच्या मेलेल्या पेशी मात्र परत मिळत नाहींत.